शनिवारची ओळ

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनाही जरा जागा द्या. आज गोष्ट राजाची नाही, राक्षसाची नाही, एका ओळीची आहे. तीही कागदावरची नव्हे, यंत्रातली. पण तिच्यापायी एक म्हातारा दर शनिवारी बूट चढवून पायरीवर बसायचा, म्हणून सांगावीशी वाटते.

एका ग्रंथालयात नवराबायको कामाला होती. ती पुस्तकांच्या नोंदी करायची, तो संगणक सांभाळायचा. तिथलं मुख्य यंत्र लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालायचं. त्या व्यवस्थेची शिस्त मोठी कडक. ज्याचं त्याचं खातं वेगळं. यंत्राच्या स्वतःच्या फाइली वाचा हवं तर, पण बदलायच्या नाहीत. बदलण्याचा अधिकार रूटचा, म्हणजे मुळाचा. तो अधिकार याच्याकडे, म्हणून सगळे त्याला मूळपुरुष म्हणायचे.

"मूळपुरुष, प्रिंटर रुसलाय. कृपा करा!"

"आधी वायर लाव, वत्सा," हा हात उंचावून म्हणायचा.

असा हसरा माणूस साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. त्याचं खातं रीतीप्रमाणे बंद झालं. घरात उरले सासरे आणि सून.

सासऱ्यांची आठवण आधीच विरत चालली होती. मुलगा गेल्याचं सुनेनं सांगितलं, तर त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "गेला? काहीतरीच बोलू नकोस. हे बघ, सकाळीच निरोप आलाय त्याचा."

निरोप खरंच आला होता. ग्रंथालयाचं यंत्र वाचकांना पुस्तक परत करायची आठवण पाठवायचं. त्याच वेळापत्रकाच्या फाइलीत मुलानं बापासाठी दोन ओळी घातल्या होत्या. रोज सकाळी, "बाबा, गोळी घ्या." आणि शनिवारी दुपारी, "बाबा, आज लवकर येतो. बूट घालून बसा, फिरायला जाऊ." खातं बंद झालं तरी फाइल यंत्राची होती. यंत्राला काय कळणार? मालकाचं बोलणं ते इमानानं पोचवत राहिलं.

सुनेनंही ते चालू दिलं, कारण हृदयाची ती गोळी बाबा दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून घेतच नसत. तिनं एकदा पुढे केली तर म्हणाले, "तू डॉक्टर कधी झालीस? त्याचा निरोप येऊ दे." निरोप आला आणि गोळी मुकाट्यानं पोटात गेली.

शनिवार मात्र जीव खायचा. बाबा दुपारीच बूट चढवायचे, नाडी बांधायला तिला हाक मारायचे आणि पायरीवर बसायचे. दिवे लागले की म्हणायचे, "अडकला असेल कामात." ती "हो" म्हणून नाडी सोडायची, मग मोरीत नळ मोठा करून रडून घ्यायची. ज्याच्यासाठी रडायचं, तो त्यांच्या लेखी अजून कामावर होता.

एका शनिवारी ते बसून राहिले नाहीत, त्याला शोधायला निघाले. चौकात सायकलची धडक बसली. कोपर सोललं, कपाळाला टाके पडले. "एवढ्यावर निभावलं," डॉक्टर म्हणाले, "पण यांना एकटं सोडू नका."

सोमवारी बाबांजवळ शेजारणीला बसवून ती कामावर गेली आणि जाताच तिनं ती फाइल उघडली. दोन्ही ओळी नवऱ्याच्या हातच्या. शनिवारची काढून जतन करायला गेली, तर यंत्रानं सांगितलं, परवानगी नाही.

ती ग्रंथपालबाईंकडे गेली. सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला नकोत म्हणून मूळपुरुषानं त्यांनाही अधिकार देऊन ठेवला होता. बाईंनी तो भीतीनं कधी वापरला नव्हता.

"अगं, सगळ्या वाचकांची स्मरणपत्रं त्या फाइलीवर चालतात. एक अक्षर चुकलं तर?"

"बाई, परवा चौकात ट्रक असता तर?"

बाईंनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाल्या, "ये, बस इथं. पण फाइलीला हात तू लावायचास. घरची ओळ आहे, मी परकी."

त्यांनी तिचं नाव अधिकारी गटात घातलं. "आता खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत ये, त्याशिवाय यंत्र ओळखायचं नाही." ती आली. सुडो, म्हणजे 'मुळाच्या अधिकारानं कर' असा हुकूम, लिहून फाइलीचं नाव दिलं. पहिलीच वेळ, म्हणून यंत्रानं आधी उपदेश केला: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, लिहिण्याआधी विचार करा, हाती आलेला अधिकार जबाबदारी घेऊन येतो. अहो, अधिकार देण्याआधी एवढं बजावणारे आपल्यात किती सापडतील? मग त्यानं तिचाच पासवर्ड मागितला. टंकताना पडद्यावर ठिपकाही उमटला नाही, आणि फाइल उघडली.

ती ओळीवर येऊन थांबली.

"पुसू नकोस," बाई हळूच म्हणाल्या. "तोच शिकवायचा. ओळीच्या तोंडाशी हे जाळीसारखं चिन्ह टाकायचं. ओळ राहते, यंत्र ती वाचत नाही."

"म्हणजे तो बोलायचा थांबेल."

"शनिवारपुरता गं."

तिनं चिन्ह टाकलं. जतन केलं. या वेळी यंत्रानं अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

शनिवार आला. सकाळचा निरोप आला, गोळी घेऊन झाली. दुपारी बाबा फोन मांडीवर ठेवून बसले. पुनःपुन्हा पडदा उजळायचे. ऊन भिंतीवरून सरकलं. त्यांनी बुटांना हात लावला नाही.

"सूनबाई, आज शनिवारच ना?"

"हो बाबा."

"निरोप नाही आला."

ती त्यांच्या पायाशी येऊन बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ, जणू बऱ्याच दिवसांनी भेटत होते.

"तू म्हणाली होतीस मला. गेला म्हणून."

"हो बाबा."

"मी तुला खोटं पाडलं." त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला. "पोरी, एवढे दिवस तू एकटीनंच रडलीस?"

तिला हुंदका आवरला नाही. नळ सोडायला ती उठली नाही. तिथंच, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती कुणाच्या तरी सोबतीनं रडली.

रविवारी सकाळी फोन वाजला. बाबांनी गोळी घेतली आणि विचारलं, "उठला का गं तो?" सगळं पुसलं गेलं होतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन मांडीवर, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा ते कळणं. दर शनिवारी त्यांचा मुलगा नव्यानं जातो. ग्रंथपालबाईंनी एकदा विचारलं, "परत चालू करायची का गं ती ओळ? अधिकार आहे तुझ्याकडे."

ती म्हणाली, "नको बाई. वाट बघताना ते एकटे असायचे. आता रडताना आम्ही दोघं असतो."

शनिवारी दिवेलागणीला देवापुढे हात जोडाल, तेव्हा घरच्यांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा. त्या वेळी एका घरात एक बाप आपला मुलगा गेल्याचं पहिल्यांदाच ऐकत असतो. त्याची आठवण असू द्या.