पाठकोरं कार्ड

बाईंचं शब्दांचं खोकं मुळात बुटांचं होतं. त्यात जाड कागदाची तीनेकशे कार्डं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं उभी रचलेली होती. प्रत्येकावर एक इंग्रजी शब्द, ठळक अक्षरात, आणि तोही फक्त स्वभावाचा. सिन्सिअर. रिसोर्सफुल. क्युरिअस. बाई चाळीस वर्षं घरीच इंग्रजीची शिकवणी घेत होत्या आणि शाळा संपवून पुढं जाणाऱ्या मुलांना कॉलेजसाठी शिफारसपत्रं लिहून देत होत्या.

त्यांची पत्रं दुसऱ्या कुणाच्या पत्रांसारखी नसत. "हुशार, मेहनती, शिस्तप्रिय अशी माळ ओवली की मूल त्यात दिसेनासंच होतं," असं त्या म्हणत. म्हणून एका मुलाला एकच शब्द, आणि तोही त्या मुलाला तसं वागताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. पत्र पूर्ण शाईनं लिहायचं, खाली सही करायची, फक्त शब्दाची जागा मोकळी सोडायची. तिथं शब्द पेन्सिलीनं. मग मुलाला समोर बसवून वाचायला द्यायचं. त्याला पटलं तर त्याच्यादेखत शाई, आणि त्या शब्दाच्या कार्डामागं त्यानं आपलं नाव लिहायचं. कार्ड परत खोक्यात.

बाईंना जाऊन आज बावीस दिवस झाले होते, आणि त्यांची एकुलती एक लेक जेवणाच्या टेबलाशी बसून कार्डांच्या पाठी बघत होती.

आज तिसऱ्यांदा. एकेचाळिसाव्या वर्षी, छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी तपासून डोळे दुखत असताना, ती आपलं नाव शोधत होती. कार्डामागं तिनं कधीच सही केली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आईनं आपल्या हातानं लिहिलं असेल कुठंतरी, एवढीच आशा. मागं नावंच नावं होती. एकेका कार्डावर पाच-पाच, सात-सात. एका टोपणनावाच्या पुढं तर आईनं चक्क हसरा चेहरा काढला होता. तिच्या वह्यांवर आईनं कधी टिंबसुद्धा जास्तीचं दिलं नव्हतं.

"सापडलं का गं?" सिंकशी कप विसळता विसळता मावशीनं विचारलं. मावशी आईचे कपडे आवरायला म्हणून आली होती आणि आठवडाभर राहिली होती.

"काय सापडायचंय? रद्दी बघतेय."

"रद्दी कुणी इतकी निरखून बघत नाही."

लहानपणी ती याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यासाला बसायची. या टोकाला आई कुणाच्या तरी पोरीला सांगत असायची, "तू चिवट नाहीस, तू टेनेशिअस आहेस, दोन्हींत फरक आहे, सांगते." ती पोर फुलून यायची. आणि हिच्या पेन्सिलीचं टोक मोडायचं. बाराव्या वर्षी एकदा तिनं सरळ विचारलं होतं, "आणि मी कोण?" आई पत्राची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी शिफारस मी कुणाकडं करणार आहे? जा, दिवा लाव." बस, एवढंच. एकोणतीस वर्षं ते वाक्य ती विसरली नव्हती.

खोक्याच्या तळाशी एक पत्र होतं. आईचं अक्षर थरथरलेलं, पण सही स्पष्ट. शेवटचं पत्र. शब्दाची जागा मोकळी. पत्राला टाचणीनं लावलेलं कार्ड होतं, जेनरस.

पत्र भिंगरीचं होतं. सतरा वर्षांची ती पोरगी आईच्या आजारपणात रोज यायची, तिला पेपर वाचून दाखवायची आणि खोलीभर भिरभिरत असायची, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. लेक संध्याकाळी छापखान्यातून थकून आली की आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. दाराशी चपला काढता काढता ते हसणं थांबायचं. म्हणजे निदान तिला तरी तसं वाटायचं.

"ती आज येणार आहे ना पत्र न्यायला?" मावशी म्हणाली. "पाचला सांगितलंय मी. उद्या तिच्या कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख आहे. तो शब्द घाल आणि देऊन टाक बाई. तुझ्या आईच्या मागं तेवढंच राहिलंय."

जेनरस. सगळं उधळून टाकणारी, हातचं न राखणारी. शेवटचा शब्द, आणि तोही हा. आईनं मुद्दाम निवडल्यासारखा. लेकीनं टाचणी काढली, कार्ड खोक्यात अगदी मधे खुपसलं आणि मोकळ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं, पंक्च्युअल. वेळेवर येणारी. त्यात खोटं काय, रोज यायचीच की. कारकुनाला शोभेल असा कोरडा शब्द. लिहिताना तिला जरा बरं वाटलं, आणि तसं बरं वाटलं याची लाजही वाटली. पण तिनं तो खोडला नाही.

पाचची भिंगरी पावणेसहाला आली. धापा टाकत, एका बुटाची नाडी सुटलेली.

"सॉरी ताई. मैत्रिणीला फॉर्म भरता येत नव्हता. तिचा भरला, मग तिच्या बहिणीचाही भरायला लागला."

"बस. वाच."

भिंगरी आईच्या खुर्चीत बसायला गेली, थबकली, आणि स्टूल ओढून बसली. पत्र वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. मग ती हसली, आणि पटकन हात तोंडावर घेतला.

"काय झालं?"

"पंक्च्युअल? मी? ताई, बाई मला घड्याळ दाखवून दाखवून दमल्या. एकदा म्हणाल्या, भिंगरी, माझ्या मयतीलाही तू उशीरच करशील." तिचा आवाज बारीक झाला. "केलाच. पोचले तेव्हा सगळे परत निघाले होते."

मावशीनं फडकं ओट्यावर आपटलं. "बघ! प्रूफं तपासणारी म्हणे!"

लेकीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही पोर रोज उशिरा यायची हे तिला माहीतच नव्हतं. माहीत कुठून असणार? तिनं कधी दार उघडून बघितलंच नव्हतं.

"बाईंनी जेनरस सांगितला होता," भिंगरी म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "पण तुम्हाला हाच योग्य वाटत असेल तर राहू दे. मला तसा तो जरा जास्तच वाटला होता. त्या कार्डावरच्या मुलीएवढी काही मी नाहीये."

"कुठली मुलगी?"

"खाली लिहिलीय ना ती. पेन्सिलीनं, बारीक. मी बाईंना विचारलंसुद्धा, ही कोण? म्हणाल्या, आहे घरातलीच. तिच्यावरनं मापं घेतलीत मी सगळ्यांची."

लेकीनं खोक्यातून कार्ड उपसलं. या वेळी पाठ नाही, दर्शनी बाजू. ठळक शब्दाच्या खाली, पुसट झालेल्या पेन्सिलीत, तीन ओळी. दिवसभर मुंगीएवढी अक्षरं वाचणाऱ्या तिला त्या तीनदा दिसल्या नव्हत्या. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिनं वाचलं.

"वय सात. नव्या रंगपेटीतला निळा शेजारच्या पोरीला देऊन आली. आभाळ कशानं रंगवशील विचारलं. म्हणाली, संध्याकाळी पिवळं पण असतं की."

ती रंगपेटी तिला आठवली. पत्र्याची, झाकणावर घोडा. निळ्याची जागा मग शेवटपर्यंत रिकामीच राहिली होती.

मावशीनं नळ बंद केला.

लेकीनं खोडरबर घेतलं आणि पंक्च्युअल खोडला. नीट, कागदाला सुरकुती न पडता. त्या जागी आधी पेन्सिलीनं, मग आईच्या पेनानं जेनरस लिहिला. अक्षराचं वळण तिनं आईच्या शेवटच्या अक्षरासारखंच काढलं.

"पटतंय?"

भिंगरीनं मान डोलावली. कार्डाच्या पाठीवर, आठव्या ओळीत, तिनं आपलं नाव लिहिलं. जाताना दारात वळून म्हणाली, "ताई, ती मुलगी तुम्हीच ना?"

"नाडी बांध. पडशील जिन्यात."

ती गेल्यावर लेक खोकं घेऊन बसली आणि कार्डं समोरच्या बाजूनं वाचू लागली. टेनेशिअस: वय चार, ताप असताना सगळा जिना स्वतः चढली, कडेवर घेऊ दिलं नाही. क्युरिअस: वय पाच, घड्याळ उघडून बसली, आत कोण राहतं म्हणे. एकेक वाचून ती ते मावशीच्या हातात देत होती. मावशी एकाला हसत होती, एकाला नाक पुसत होती.

'J' अक्षराच्या कार्डांत एक कार्ड बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होतं. कडा कोऱ्या, कधी कुणाच्या हाती न गेलेलं. जेलस. खाली पेन्सिलीत लिहिलं होतं, "वय नऊ. शिकवणीतल्या एका मुलीची वेणी घालून दिली, तर हिनं आपली सोडून टाकली आणि केस पिंजारून जेवायला बसली. दोन दिवस विंचरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री झोपेत विंचरले."

तिनं कार्ड उलटलं. पाठ कोरी होती. चाळीस वर्षांत हा शब्द आईनं कुणालाच दिला नव्हता.

"हे काय आता?" मावशी वाकून बघायला लागली. "कसलं कार्ड ते?"

"माझं," ती म्हणाली. आईच्या पेनाचं टोपण उघडं होतंच. कार्ड टेबलावर सपाट धरून तिनं पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि ते खोक्यात जागच्या जागी ठेवलं.