वरच्या वस्तीचं टपाल

एकोणीस वर्षं मी टपाल वाटतेय, तेही सायकलवरून. त्यामुळे सायकल कशी चालवायची हे मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आमचे हे एकदा म्हणाले होते, "अगं, वळणावर जरा हळू घेत जा." त्यानंतर दोन दिवस त्यांनी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला.

तर झालं असं, की डोंगराचा कडा ढासळला आणि वरच्या वस्तीचा रस्ता त्याच्याखाली गेला. वर तेवीस घरं, एक शाळा आणि एक लाकडाची वखार. रस्ता मोकळा व्हायला वर्ष लागेल असं सगळे म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी पोस्टमास्तरांनी मला बोलावलं.

"बाई, वरची वाटणी बंद. आठवड्यातून एकदा ती माणसं खाली येऊन टपाल घेऊन जातील. तुम्ही उद्यापासून छाननीच्या टेबलावर बसा. वयही झालंय, जरा आराम होईल."

वय! सत्तेचाळीस म्हणजे काय वय झालं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर बसून पत्रांचे गठ्ठे लावायचे आणि वाटायला दुसऱ्याने जायचं, हे मला कदापि जमणार नव्हतं. शिवाय वर गुडघे गेलेल्या आजी आहेत, पेन्शनच्या कागदासाठी त्यांनी दोन तास पायवाट उतरायची की काय?

"जंगलातून वाट आहे, साहेब. रविवारी लोक त्या वाटेने सायकली नेतात."

"ते लोक वेडे आहेत."

"मग मीही वेडीच समजा."

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि तीन आठवडे दिले. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी वरचं सगळं टपाल वाटायचं, तिकडची पत्रं गोळा करायची आणि बारा वाजता बाहेर जाणारी टपालाची थैली बंद व्हायच्या आत परत यायचं. जमलं तर वाटणी माझी, नाही तर टेबल.

रविवारी सकाळी मी वाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. तिथे ते तीन वेडे भेटले. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एरवी ज्यांच्या दवाखान्यात मी डोळे गच्च मिटून बसते. दुसरे साठी ओलांडलेले सुतारकाका. तिसरा बेकरीवाला, पहाटेची भट्टी उरकून आलेला आणि सारखा जांभया देणारा. माझी टपालाची सायकल बघून काकांनी मान हलवली आणि संध्याकाळी स्वतःची जुनी, जाड टायरची सायकल घरी आणून दिली. मी आठवडाभर ती घासूनपुसून ठेवली आणि दुसऱ्या रविवारी हवा ठासून भरून नेली.

काकांनी अंगठ्याने टायर दाबून बघितला. "हा टायर आहे की दगड?"

"टपालाच्या सायकलीत अशीच भरतात. वजन असतं."

"डांबरावर ठीक आहे. इथे टायर दगडावर जरा चपटा बसला पाहिजे, तरच धरून ठेवतो. थोडी हवा सोड."

मी सोडली नाही. का सोडू? पहिल्याच उतारावर सायकल चेंडूसारखी उडाली आणि मी झुडपात. उठले, कोणाकडे न बघता गुपचूप हवा सोडली. कोणी हसलं नाही, हे त्यांचं नशीब.

मग बेकरीवाला सुरू झाला. "ताई, उतरताना सीट खाली घे, आणि खाली घेतलीस तरी बसू नकोस. दोन्ही पॅडल एका उंचीवर ठेव, उभी राहा, गुडघे आणि कोपरं सैल सोड. खालून सायकल काय नाचायची ती नाचू दे."

"बसायचं नाही तर सीट लावलीय कशाला?"

"चढताना बसायला," तो म्हणाला आणि पुन्हा जांभई दिली.

ब्रेकचं डॉक्टरांनी सांगितलं. मी घाबरले की मूठ आवळून पुढचा ब्रेक दाबायचे आणि सरळ हँडलवरून पलीकडे. "एकच बोट ठेवा," त्या म्हणाल्या. "वेग दगडाच्या आधी कमी करायचा. एकदा दगडावर गेलात की ब्रेक विसरायचा." त्या दिवशी घरी गेले तेव्हा दोन्ही गुडघे सोललेले. आमच्या ह्यांनी काही न बोलता मलम लावलं. न बोलण्यातच शहाणपण आहे हे त्यांना चहावरून कळलं होतं.

एवढं करूनही एक जागा मला जमेना. अर्ध्या वाटेवर एका वळणानंतर दगडांच्या सात-आठ पायऱ्या आहेत, त्याला सगळे जिना म्हणतात. तिसऱ्या रविवारी मी जिन्यावर चार वेळा आपटले. आणि दर वेळी अगदी बरोबर त्याच दगडावर, जो मला चुकवायचा होता! रडू यायला लागलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि मला डोळ्यांसमोर ते छाननीचं टेबल दिसत होतं.

डॉक्टरीणबाई खालून बघत होत्या. "टपालताई, तुम्ही एकेका दगडाकडे बघताय."

"मग काय, ढगांकडे बघू?" मी ओरडलेच.

त्या चिडल्या नाहीत. "गावात सायकल चालवताना कुठे बघता?"

गावात मी दारं बघत जाते. डावीकडचं दार, उजवीकडचं दार. ज्या दाराकडे बघते तिकडे सायकल आपोआप वळते, मला हँडल फिरवावंही लागत नाही. एकोणीस वर्षांची सवय ती, आणि तीच सवय घेऊन मी जिन्यावर दगडांच्या दारात जाऊन उभी राहत होते.

"त्या दगडांची पत्रं नाहीत तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे जायचंय तिथेच बघा."

मी पुन्हा वर गेले. जिन्याच्या खाली, पायऱ्या संपतात तिथे, मातीचा एक सपाट पट्टा आहे. नजर तिथे लावली आणि सोडलं. धडधड झाली, दात वाजले, आणि मी पट्ट्यावर उभी! सुतारकाकांनी शिट्टी मारली. त्यानंतर अंधार व्हायच्या आत मी पाच वेळा उतरले.

सोमवारी वर जाताना घाम फुटला, पण पोचले. तेवीस घरं झाली. शेवटी पेन्शनवाल्या आजींनी चष्मा शोधण्यात वीस मिनिटं घालवली, कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "आज गेलाच पाहिजे हो हा." निघाले तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पाठीवरची पिशवी येतानापेक्षा जड, कारण शाळेने आणि वखारीने आठवड्याभराची पत्रं साठवून ठेवली होती.

जिन्याच्या वळणावर थांबले. उतरून चालत गेलं तर हातपाय शाबूत राहणार होते, पण पंधरा मिनिटं जाणार, म्हणजे थैली गेली आणि वाटणीही गेली. खोटं कशाला बोलू, भयंकर भीती वाटत होती. सीट खाली घेतली, पिशवीचा पट्टा छातीवर घट्ट आवळला, एक बोट ब्रेकवर ठेवलं. खालचा पट्टा बघितला आणि सोडलं. मधल्या पायरीवर पिशवीने मला उजवीकडे खेचलं, कोपरं ताठ होणार इतक्यात मी ती सैल सोडली. डोळे मात्र हलवले नाहीत. खाली पोचले तेव्हा जंगलात एकटीच होते, आणि एकटीच मोठ्याने ओरडले.

अकरा बावन्नला मी पत्रं साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती तपासली, आजींचा कागद थैलीत गेला, थैलीला सील लागलं. मग त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला. पायवाटेने टपाल न्यायला मंजुरी लागते म्हणे. माझं नाव लिहिलं, मार्ग लिहिला. एका रकान्यापाशी पेन थांबलं: प्रशिक्षण कोणाकडून घेतले.

"इथे 'स्वशिक्षित' लिहितो," साहेब खुशीत म्हणाले. "तुम्हाला शोभेल."

खरं सांगते, महिन्यापूर्वी तो शब्द ऐकून मी हवेत तरंगले असते.

"खोडा तो," मी म्हणाले. "लिहा. दातांच्या डॉक्टर, सुतार, बेकरीवाला."

"बाई, ह्या काय संस्था आहेत? मुख्य कार्यालयात हसतील."

"हसू द्या. आणि कोणी काय शिकवलं तेही लिहा."

रकाना दोन बोटांचा. साहेबांनी सुस्कारा सोडून कागद उलटा केला. मी उभी राहून सांगत गेले: हवा काकांनी, सीट आणि गुडघे बेकरीवाल्याने, ब्रेक आणि नजर डॉक्टरांनी. त्यांनी पानभर लिहिलं, एक शब्द गाळू दिला नाही मी. मग चिखलाचे हात पुसून मी त्या तिघांच्या नावांखाली सही केली. एकोणीस वर्षांत हजारो कागदांवर सह्या घेतल्या असतील, पण स्वतः सही करताना ऊर असा कधी भरून आला नव्हता.