अडीचशेव्या वर्षाचा केक

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी रेडिओवर ‘आजच्या दिवशी’ सांगतो. एक लढाई, एखाद्या नटाचा वाढदिवस, एखादं गाजलेलं गाणं. हार्लो हे आयोवा राज्यातलं चिमुकलं गाव, पण तारीख चुकली की फोन यायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि तो नेहमी मिसेस टोलफसन यांचाच असतो. वय ब्याण्णव. शाळेत तीस वर्षं टायपिंग शिकवलं. अर्ध्या गावाची बोटं त्यांनीच वळवली, माझीसुद्धा.

गेल्या दहा नोव्हेंबरला अमेरिकेच्या मरीन दलाला अडीचशे वर्षं झाली. मी ते छाती फुगवून सांगितलं, आणि जाता जाता म्हणालो की याच तारखेला मुलांचा तो बाहुल्यांचा कार्यक्रमही टीव्हीवर सुरू झाला होता. बाहुल्यांवर चौदा फोन आले. मरीन दलावर एक.

“वर्लिन, आज केक कोणाला देणार आहात तुम्ही लोक?” मिसेस टोलफसन यांनी विचारलं.

मरीन माणूस जगात कुठेही असला तरी या दिवशी तलवारीने केक कापतो. हजर असलेल्यांत जो सर्वांत वयस्कर मरीन, त्याची जन्मतारीख आणि गाव मोठ्याने वाचतात, त्याला केक देतात, आणि तो ताटली सर्वांत तरुण मरीनच्या हाती सोपवतो. मी काही मरीन नव्हे, पण आवाज बरा म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या महायुद्धात लढलेले गावचे शेवटचे मरीन आजोबा वसंतात वारले होते, त्यामुळे या वेळी मान बदलणार होता.

“मर्ल किट्रेजला,” मी म्हणालो. “त्र्याण्णव वर्षांचा आहे.”

“एक्क्याण्णव. शाळेत माझ्या एक वर्ग मागे होता तो. भरती व्हायला सोळाचं अठरा करून सांगितलं त्यानं. अख्ख्या वर्गाला माहीत होतं. मान माझा आहे.”

“तुमचा?”

“एक्कावन्न ते चोपन्न. सार्जंट. तुला माहीत नव्हतं होय?”

माहीत होतं. त्या दरवर्षी समारंभाला येत, आणि कोणीतरी गोड बोलून त्यांना स्वयंपाकघरात बटाट्याचं सॅलड वाढायला पाठवी. इतकी वर्षं मला त्यात काही खटकलं नाही. त्या सकाळी मात्र लाज वाटली.

मी कर्टिसला गाठलं. तो माजी सैनिकांच्या सभागृहाचा प्रमुख, माझा वर्गमित्र.

“कागदावर जन्मसाल एकोणीसशे बत्तीस आहे, विषय संपला,” तो म्हणाला. “मर्लच्या पायाची तीन बोटं कोरियाच्या बर्फात गळाली. बाईंनी काय केलं? टायपिंग!”

“पण खरं काय ते...”

“तू गप कागद वाच. टीव्हीवाले येताहेत.”

आणि संध्याकाळी मी वाचला. हो, वाचला! कर्टिस मला पगार देत नाही की जेवायला घालत नाही, तरी घाबरलो. “मर्ल किट्रेज, जन्म अकरा फेब्रुवारी एकोणीसशे बत्तीस, हार्लो, आयोवा.” सगळे उभे होते. मर्लच्या हातात ताटली गेली.

“खोटं आहे.”

तिसऱ्या रांगेत मिसेस टोलफसन उभ्या होत्या. अंगात जुना हिरवा लष्करी कोट, खांद्यावर ढगळ झालेला.

“मिसेस टोलफसन, प्लीज,” कर्टिस म्हणाला.

“सार्जंट टोलफसन. आणि मला गप्प करू नकोस, कर्टिस. तुला दोनदा पास केलंय मी, तेही दया येऊन.”

लोक हसले. कर्टिसचे कान लाल झाले. “मॅडम, हा मान लढलेल्यांचा असतो.”

“कुठं लिहिलंय? दाखव. सर्वांत वयस्कर मरीन, एवढंच लिहिलंय. टायपिंग करत होते, बरोबर आहे. मेलेल्या पोरांच्या आयांना जाणारी पत्रं. दिवसाला वीस. एक अक्षर चुकलं तर पान फाडायचं नि पहिल्यापासून सुरू, कारण त्या पत्रात खाडाखोड चालायची नाही. अठरा वर्षांची होते मी! आता विचार मर्लला, त्याचा जन्म कधीचा.”

मर्ल ताटलीकडे बघत राहिला. “अर्डिस, पंचाहत्तर वर्षं झाली गं त्याला.”

“मग पुरे झालं की.”

मर्लने मान वर केली ती थेट कर्टिसकडे. “चौतीस सालचा आहे मी. आता हाकला मला दलातून! बघू कोणाची छाती होते.” मग काठी टेकत, उरलेल्या बोटांवर तोल सांभाळत तो तिसऱ्या रांगेपर्यंत स्वतः चालत गेला आणि ताटली त्यांच्या हातात दिली.

“वर्लिन, कार्यक्रम आटप,” कर्टिस पुटपुटला.

“आटपतो कसला? माझी तारीख वाच,” मिसेस टोलफसन म्हणाल्या.

कर्टिसने माइकवर हात ठेवला. शाळेपासून मी त्याला टरकून आहे, पण तो हात मी उचलून बाजूला केला. बाईंची तारीख मला पाठ होती.

“सार्जंट अर्डिस जून टोलफसन. जन्म वीस जानेवारी एकोणीसशे तेहेतीस, हार्लो, आयोवा.”

“मोठ्याने. स्वयंपाकघरात ऐकू गेलं पाहिजे.”

मी पुन्हा वाचलं, रेडिओवर कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून. दार ढकलून बायका एप्रनसकट बाहेर आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. सर्वांत तरुण मरीन, सुट्टीवर आलेला वीस वर्षांचा पोरगा, ताठ उभा राहून वाट बघत होता. मिसेस टोलफसन यांनी काट्याने केकचा तुकडा तोडला आणि सावकाश चावून खाल्ला.

“मॅडम,” कर्टिस हळूच म्हणाला, “सगळे उभे आहेत.”

“राहू देत उभे,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.