पक्की बसवलेली घोडी

मित्रांनो, मी एक जुने मँडोलिन आहे. पोट गोल, मान आखूड आणि तारा आठ, त्याही जोडीजोडीने. वय विचारू नका. आवाज अजून खणखणीत आहे, हे मीच सांगून टाकतो.

मला घडवले एका तिरसट कारागिराने. त्याला माणसे फारशी आवडत नसत, लाकूड मात्र जीव की प्राण. पुढे एका वादकाकडे माझी पंधरा वर्षे मजेत गेली. लोक टाळ्या वाजवत, तो वाकून नमस्कार करी आणि मला वाटे, टाळ्या माझ्याच आहेत! मग त्याची बोटे आखडली आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात एका बंद पडलेल्या रेडिओशेजारी येऊन पडलो. गिऱ्हाइके येत, एखादी तार टणकन ओढत आणि चालू लागत. फार वाईट वाटायचे.

एके दिवशी एक सुतारकाका आले. त्यांनी मला उलटेपालटे करून सांधे तपासले आणि चक्क वास घेतला.

"वाजवता येतं का?" दुकानदारीणबाईंनी विचारले.

"छे! शिकणार आहे. आमची ही इस्त्री करताना एक धून गुणगुणते. तेवढी एक वाजवून दाखवायची आहे तिला."

"बरं. नाहीच जमलं तर आठ दिवसांत आणून द्या. मी परत घेईन."

काका कौतुकाच्या बाबतीत मुखदुर्बळ. बायकोला चांगले म्हणायचे, तर तेही माझ्या तोंडून! मी मात्र हरखून गेलो.

घरी येताच त्यांनी मला पुसायला घेतले आणि आठही तारा एकदम काढल्या. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. ती टपकन खाली पडली. काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातून गेलेली कुठलीही वस्तू आजवर डुगडुगली नव्हती. त्यांनी लाकूड चिकटवायचा सरस गरम केला आणि घोडी अशी पक्की बसवली की विचारू नका. फक्त जागा दोन बोटे चुकली.

मग काय! पहिला सूर बरा यायचा, पुढचे सगळे भरकटायचे. काका रोज घाम गाळत होते.

"अहो, मांजराच्या शेपटीवर पाय पडला का?" काकू आतून विचारत.

सातव्या दिवशी काका हळूच म्हणाले, "माझा कानच लाकडाचा आहे." आठव्या दिवशी मला पिशवीत घालून ते दुकानात गेले. पुन्हा तो बंद पडलेला रेडिओ!

दुकानदारीणबाईंनी अंगठ्याने घोडी ढकलून पाहिली. ती हलेना.

"ही कोणी चिकटवली?"

"मीच," काका अभिमानाने म्हणाले. "हत्तीनं ओढली तरी निघणार नाही."

"अहो काका, ती सुटीच असते! तारांच्या दाबानं उभी राहते. सुरासाठी मागेपुढे सरकवावी लागते."

काका आधी ओशाळले, मग खो खो हसले. मला परत पिशवीत घालून ते जवळजवळ पळतच घरी आले.

सरस मऊ करायला ओले फडके, त्यावर काकूंची कोमट इस्त्री आणि घोडीखाली सरकवायला काकांची पातळ पट्टी.

"वरची फळी चिरली तर?" काकांनी पट्टी मागे घेतली.

"हळू करा. कोण मागे लागलंय?"

घोडी निघाली. मला साधा ओरखडाही आला नाही! तारा चढल्या. काका घोडी सरकवत होते आणि काकू कान देऊन सांगत होत्या, "अजून... अजून जरा... बस्स!"

मग काकांनी ती धून वाजवली. अडखळत, पण सुरात. काकू ऐकतच राहिल्या.

"अहो, हे तर मी गुणगुणते ते!"

"तीस वर्षं ऐकतोय," काका म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

"मग मधली ओळ का गाळलीत?" असे म्हणून काकूंनी ती गाऊन दाखवली. त्या दिवशी आम्ही तिघांनी ती धून किती वेळा म्हटली, ते मोजले नाही.

मित्रांनो, जुने वाद्य घरी आणाल तेव्हा तारा एकेक करून बदला, त्याला उन्हात ठेवू नका आणि ते बेसूर वाजले तर स्वतःला नावे ठेवण्याआधी एखाद्या जाणत्याला विचारा. सुतारकाका मला मुकाट्याने तिथेच ठेवून आले असते, तर आपली धून इतकी वर्षे कोणीतरी मन लावून ऐकत होते, हे काकूंना कधीच कळले नसते.