तळहाताएवढ्या दोन प्लेटा

"वाच," गाडीखालून सिक्स्तेन म्हणाला.

गुनेलने कोनमापक गिअरबॉक्सच्या शेपटीवर टेकवला आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला.

"तीन. तीनच्या किंचित पुढे."

"किंचित म्हणजे किती? पाव की अर्धा?"

"किंचित म्हणजे किंचित. एकतीस वर्षं दातांत काम केलंय मी, किंचित मला कळतं."

"दातांत चालत असेल. इथं आकडा लागतो."

"सव्वातीन."

"आता मागचा वाच. चाकांकडे जाणारा शाफ्ट जिथं घुसतो तिथला."

"सव्वातीन," ती म्हणाली, आणि तिचे तिलाच नवल वाटले. दोन मीटर अंतरावरच्या लोखंडाच्या दोन तुकड्यांनी एकच उत्तर दिले होते.

सिक्स्तेन वाल्लग्रेन घसरत गाडीखालून बाहेर आला. वय एकाहत्तर. नदीकाठच्या कागद गिरणीत सदतीस वर्षे फिटर. घरामागच्या गॅरेजमध्ये मात्र त्याची वेगळीच ओळख होती. जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवायचे असले की तालुक्यातले लोक त्याच्याकडे येत. दुसऱ्याचे इंजिन आपल्या गाडीच्या भोकांत बसत नाही. मधला दुवा, म्हणजे माउंटिंग, घरीच बनवावे लागते. ते सिक्स्तेनने किती गाड्यांचे बनवले होते, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

त्याची स्वतःची १९६४ची स्टेशनवॅगन मात्र सहा वर्षे तशीच पडून होती. एका हिवाळ्यात इंजिनात गोठणरोधक न घालता नुसते पाणी राहिले, ते गोठले आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. दुसरे इंजिन त्याने आणून ठेवले. लोकांची कामे आधी, आपले नंतर, असे म्हणता म्हणता फेब्रुवारी उजाडला आणि सुंदस्वाल शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरणीने त्याला समोर बसवले. नजरेच्या मधोमध करडा डाग होता. कडेकडेचे दिसायचे, ज्याच्याकडे पाहावे नेमके तेच नाहीसे व्हायचे. गाडी चालवण्याचा परवाना गेला. उन्हाळा संपेपर्यंत वेल्डिंगही जाईल, असे ती म्हणाली.

घरी येताना बसमध्ये तो एवढेच बोलला होता: "माझ्या गाडीची माउंटिंगं माझ्या हातची असतील. नाही जमलं तर भंगारवाल्याला फोन कर. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

गुनेल दातांच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. गेल्या ख्रिसमसला निवृत्त झाली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, पण गॅरेजच्या उंबरठ्याच्या आत ती क्वचितच गेली होती. कॉफी झाली की दारावर दोनदा थाप मारायची आणि परत फिरायचे, एवढाच तिचा त्या खोलीशी संबंध. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडेही होता, पण त्याच्या गाडीची किल्ली तिने कधी हातात घेतली नव्हती. आत काय चालते, असे कुणी विचारले असते तर ती म्हणाली असती: आवाज.

आता तीन आठवडे ती रोज आत होती.

इंजिन साखळीला टांगलेले होते. दीडशे किलोंचे ते धूड पुढच्या चाकांच्या मधल्या पोकळीत अधांतरी लोंबत होते आणि तिने बोट लावले तरी हलत होते. त्याखाली खालचा आडवा बीम होता. बीमपासून इंजिनाच्या दोन्ही कुशींपर्यंत जी रिकामी जागा होती, तिथे माउंटिंगे यायची होती.

पहिल्या दिवशी सिक्स्तेनने कुरकुरीत पावाचा रिकामा खोका मागितला. तिला वाटले, कचरा भरायला. त्याने पुठ्ठा फाडला, त्या रिकाम्या जागेत हात घातला आणि डोळे मिटले. बोटे बीमवरून वर चढली, इंजिनाच्या बोल्टांपाशी थांबली, परत उतरली. मग त्याने कात्रीने पुठ्ठा कापला. एकदाही मोजला नाही. लावून पाहिला, बोटभर कातरला, पुन्हा लावला. पुठ्ठा असा बसला की मधून नख जाईना.

"हे तू नेहमी असं करतोस?"

"पूर्वी डोळे उघडे असायचे," तो म्हणाला. "त्यानं फार फरक पडायचा असं नाही."

पुठ्ठ्यावरून सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटा कापल्या गेल्या. रेघ तिने आखली, ग्राइंडर त्याने धरला. रेघ सुटली की ती त्याच्या खांद्यावर टिचकी मारायची. प्रत्येक माउंटिंगची पाठ तळहाताएवढी. खाली बीमला बोल्ट, वर रबराचा जाड गोळा. बुधवारी त्याने प्लेटा जागेवर धरून वेल्डिंगचे चार-चार टाके मारले. आता टाके मारलेली माउंटिंगे सोडवून बाकावर घ्यायची आणि पक्के वेल्डिंग करायचे, एवढेच उरले होते. शनिवारी हिल्डिंग फोर्सलीन येणार होता. जुन्या गाड्यांच्या संघटनेचा तपासनीस. फेरफार केलेल्या गाडीवर त्याची सही नसेल तर ती रस्त्यावर येत नाही.

आज गुरुवार. पुढचा-मागचा कोन सारखा हवा, आणि तो जुळला होता. सिक्स्तेनने पाना उचलला.

"थांब जरा," गुनेल म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मूर्खासारखं असेल."

"बोल."

"आमच्याकडे दातात भरलं ना, की पेशंट आडवाच असतो. डॉक्टर म्हणणार, चावून बघा. तो चावतो, म्हणतो, छान. पण आम्ही त्याला तसा सोडत नाही. खुर्ची सरळ करायची, उठून बसवायचं, आणि मग पुन्हा चावायला लावायचं. आडवा असला की जबडा मागं पडतो. बसल्यावर चावा वेगळा येतो."

"बरं."

"ही गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलीय. चाकं खाली लोंबतायत. रस्त्यावर ती अशी लोंबतात का?"

सिक्स्तेनने पाना खाली ठेवला. बाहेर पन्हाळीतून वितळलेल्या बर्फाचे पाणी टपटपत होते.

"नवशिका करतो ही चूक," तो शेवटी म्हणाला. "चाळीस वर्षं मी पोरांना शिव्या घातल्यात ह्याच्यावरून. गाडी चाकांवर उभी कर, मग मोज."

"मग वर का ठेवलीस?"

"खाली उतरवली की खाली हात जात नाहीत. आणि आता हातांशिवाय..." त्याने वाक्य सोडून दिले. "जॅक दे."

गाडी चाकांवर उतरली. गुनेल जमिनीवर पोट टेकून आत सरकली. तो आता तिथे मावत नव्हता.

"मागचा, पावणेदोन," तिने आतून सांगितले. "पुढचा तोच, सव्वातीन."

"दीड अंश." तो पुटपुटला. "सत्तरच्या वेगाला पायाखालची फरशी थडथडली असती. वर्षभरात शाफ्टचे सांधे खलास. आणि हिल्डिंगनं आत पाऊल टाकताच सांगितलं असतं."

"म्हणजे पुन्हा?"

"इंजिनाचं तोंड सोळा मिलिमीटर खाली." तो बाकाला टेकून उभा होता. "राहू दे गं. माझी चूक तू दाखवायची वेळ आली, म्हणजे संपलंच. भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर आहे."

गुनेल गाडीखालून बाहेर आली. केसांत कोळिष्टके, गालावर ग्रीस.

"वाटाण्याचं सूप तापत ठेवलंय," ती म्हणाली. "खाऊ, मग टाके काप. फोन करायचा तर तूच कर. फ्रिजवरचा नंबर मी काही वाचून दाखवणार नाही."

सिक्स्तेन हसला नाही. पण सूप दोनदा घेतले, त्यानंतर तीन पॅनकेकही, आणि उठून ग्राइंडरची चकती बदलायला गेला.

टाके कापले. साखळी एकेक कडी सोडत इंजिन खाली घेतले. नवा पुठ्ठा, नव्या प्लेटा. इंजिनाच्या तळाचे तेलाचे चेंबर आणि बीम यांच्यामध्ये आधी अंगठा जायचा, आता करंगळीच जात होती. "पुरे," तो म्हणाला. "करंगळी पुरते." गाडी चाकांवर उभी होती, आणि गुनेल सांगत होती: पावणेदोन. पावणेदोन.

शुक्रवारी दुपारी माउंटिंगे बाकावर आली. उष्णतेने वाकू नयेत म्हणून सिक्स्तेनने ती जाड पाटाला शिकंज्यांनी जखडली. मग कपाटातून दोन काळे मुखवटे काढले. एक तिच्या डोक्यावर बसवला आणि मागचा पट्टा आवळला.

"मला डाव्या कडेनं थोडं दिसतं. रेघ दिसत नाही. रेघ तू बघ. मी वर गेलो तर खाली म्हण, खाली गेलो तर वर. वेग मी आवाजावर धरतो. तव्यावर चरबी तडतडते तसा आवाज आला पाहिजे. फटफट झाली की थांबतो."

"आणि मी चुकले तर?"

"तर कापू. तुझ्याइतकं कापणं मला कुणी शिकवलं नाही."

तिने मुखवटा खाली ओढला. पूर्ण अंधार. मग ठिणगी पेटली आणि अंधार नाहीसा झाला.

आजवर तिने हा प्रकाश दाराच्या फटीतून भिंतीवर नाचताना पाहिला होता. निळा, चिडका, डोळ्यांना टोचणारा. काचेच्या आत तो तसा नव्हता. हिरवट काळोखात नखाएवढे एक तळे होते. लोखंडाचे. त्याला काठ होता, काठावर लाटा होत्या, आणि ते पुढे सरकत होते. पुढचे लोखंड त्यात विरघळत होते आणि मागे तेच तळे गोठून खवल्यांसारखे एकावर एक बसत होते. दोन प्लेटा होत्या. तळे त्यांच्यावरून गेले की एकच राहत होती. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते दिसत नव्हते. तिथे आता तसे काही उरलेच नव्हते.

"सांग!" सिक्स्तेन ओरडला.

"वर. थोडं वर. बस्स. असाच."

तळे सरकत राहिले. तिने पापणी हलवली नाही. चव्वेचाळीस वर्षे हा माणूस जेवायला उशिरा येत होता, अंगाला जळका वास, बाहीला भोके. आणि विचारले की म्हणायचा, काही नाही, दोन तुकडे जोडले. हे तो रोज पाहत होता. त्याने कधी सांगितले नव्हते, की सांगता येण्याजोगे ते नव्हतेच?

"खाली. किंचित खाली."

"पाव की अर्धा?"

"किंचित!"

तडतड सुरू राहिली.

एकूण बावीस रेघा. प्रत्येक रेघेनंतर लोखंड निवेपर्यंत ते थांबायचे. शेवटची झाल्यावर त्याने मुखवटा वर केला. घामाने कपाळावर पट्ट्याचा वळ उमटला होता.

"कसं दिसत होतं?" त्याने विचारले.

गुनेलने त्याचे बोट धरून निवलेल्या जोडावर ठेवले. बोट खवले मोजत या टोकापासून त्या टोकाला गेले.

"हं," तो म्हणाला. "तू चांगली बघतेस."

रात्री माउंटिंगे जागेवर बसली, इंजिन त्यांच्यावर टेकले आणि नळ्या-तारा जोडून झाल्या. शनिवारी सकाळी हिल्डिंग फोर्सलीन आला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. कॉफीला "नंतर" म्हणाला, चटई अंथरली आणि बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. त्याचे फक्त बूट दिसत होते. बूट बराच वेळ हलले नाहीत.

"सिक्स्तेन," खालून आवाज आला. "तुझ्या डोळ्यांचं ऐकलं मी. हे वेल्डिंग कुणी केलं?"

"मीच."

"खोटं बोलू नकोस. सरळ गेलंय हे."

"हा करत होता, मी सांगत होते," गुनेल म्हणाली.

बूट आत सरकले, डोके बाहेर आले. "काय सांगत होतीस?"

"वर. खाली. बस्स."

हिल्डिंगने तिच्याकडे पाहिले, मग सिक्स्तेनकडे. "वाईट वाटून घेऊ नका. इंजिन सुटलं तर समोरून येणाऱ्याला तुमची गोष्ट कुणी सांगत बसत नाही. मी रंग लावणार."

"लाव," सिक्स्तेन म्हणाला. "मीही लावला असता."

त्याने जोडांवर लाल द्रव फवारला. दहा मिनिटे थांबायचे होते. तिघे गॅरेजच्या दारात उभे राहिले. मग लाल पुसून काढले आणि वरून पांढरी पूड फवारली. गुनेलला हे ठाऊक होते. शाळकरी मुलांच्या दातांना दवाखान्यात असाच लाल रंग लावत. घासायचे राहिले असेल तिथे तो राहतो. इथे तडा असेल तर लाल पांढऱ्यातून वर येणार होते, रक्तासारखे.

ती खाली बसली आणि पाहत राहिली. सिक्स्तेन उभाच होता. त्याला पाहून उपयोग नव्हता.

"किती वेळ झाला?" त्याने विचारले.

"चार मिनिटं."

"आणि?"

"पांढरं."

"सगळीकडे?"

"सगळीकडे पांढरं आहे रे."

हिल्डिंगने आणखी पाच मिनिटे घेतली. मग इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, गिअर टाकून ते गुरगुरवले. इंजिन आपल्या दोन तळहातांवर बोटभर उचलले आणि परत बसले. दीडशे किलो, आणि वर त्याची स्वतःची सगळी ताकद. प्लेटा हलल्या नाहीत.

"आता वीस किलोमीटर चालवून आणा," त्याने कागद बॉनेटवर ठेवला. "चर्चपर्यंत जा, धरणावरून परत या. आलात की बोल्ट तपासतो आणि सही करतो. कॉफी तेव्हा."

सिक्स्तेनने खिशातून किल्ली काढली. सवयीने तो ड्रायव्हरच्या बाजूला गेला आणि दार उघडले. क्षणभर तिथे उभा राहिला, हात दाराच्या कडेवर.

मग तो वाकला. सीटखालचा दांडा त्याने चाचपून शोधला. ती सीट त्याच्या लांब पायांच्या मापाने एकाच जागी घट्ट झालेली होती. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. गंज कुरकुरला आणि सीट पुढे आली. एक खाच, दोन, तीन. तो थांबला, मनात काहीतरी मोजले आणि आणखी एक खाच पुढे घेतली.

"बस," तो म्हणाला, आणि दार धरून उभा राहिला.