तितरावर पाणी घालणारी झारी

मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, तोटीला थोडी वाकलेली, मूठ तारेने आवळलेली. लिबियाच्या हिरव्या डोंगरावर ग्रीकांनी वसवलेले आणि रोमनांनी वाढवलेले एक मोडके शहर आहे. तिथल्या राखणदाराच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, टांगलेली म्हणजे स्वस्थ असे समजू नका. समुद्रावरून वारा सुटला की मी भिंतीवर आपटत राहते. मनातले कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

बाजारातल्या एका कारागिराने तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला घडवले. हाज मातूग यांच्या बायकोने पुदिन्याच्या वाफ्यासाठी मला घेतले होते. हाज म्हणजे हजयात्रा करून आलेले; ते या अवशेषांचे राखणदार. एके दिवशी त्यांनी मला मागून नेले आणि परत म्हणून केलेच नाही.

त्यांच्या ताब्यात बारीक रंगीत खड्यांची एक फरशी होती. तिच्यावर खड्यांनीच रेखलेला, द्राक्षे टिपणारा तितर होता. पण धुळीने सगळे करडे दिसे. पाहुणे म्हणत, “एवढंच?”

“थांबा जरा. झोपलाय तो,” असे म्हणून हाज मला डाव्या हाताने तिरपी करत. पाणी पडले की तितराचे पाय लालभडक होत, द्राक्षे काळीभोर होत. मुले किंचाळत, मोठी माणसे टाळ्या वाजवत.

“हाज, झारी जादूची आहे तुमची!”

“जादू माझी, झारी बायकोची. तिला सांगू नका, ती अजून शोधतेय.”

सव्वीस वर्षे हा विनोद चालला. वसंतात तर दिवसातून वीस-वीस वेळा माझे पोट भरले जाई. त्या कौतुकाने मी फुगून गेले होते.

मागच्या वर्षी हाज वारले. किल्ल्या त्यांच्या मुलीकडे, मबरूकाकडे आल्या. तीही मला डाव्या हातानेच तिरपी करायची. विनोद मात्र तिला जमत नसे. पाणी घालून ती बाजूला उभी राहायची.

मग फरश्यांचे जाणकार उस्ताद इद्रीस तपासणीला आले. गुडघे टेकून त्यांनी बोटाच्या पेराने फरशी वाजवली. आवाज पोकळ आला. तितराचा एक पाय हलत होता. खड्यांच्या फटींत पांढरी भुकटी साचली होती.

“पाणी कोण घालतं याला?”

“बाबा घालायचे. आता मी.”

“विहिरीचं?”

“हो.”

“पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. ते खालून खडे उचलतं. आणखी दोन वर्षं असंच चाललं तर पक्षी राहायचा नाही, बाई.”

मबरूकाने ती पांढरी भुकटी बोटावर घेऊन पाहिली. मग म्हणाली, “बाबांचा या फरशीवर फार जीव होता.”

“असणारच. नाहीतर रोज कोण पाणी घालेल?” उस्ताद म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला प्रत्येक टाळी आठवते आणि वारा नसतानाही मी खिळ्यावर हलते.

पुढच्या शुक्रवारी हाजांचे जुने मित्र शुऐब लग्नाचे पाहुणे घेऊन आले. दहा-बारा माणसे होती.

“पोरी, झारी काढ.”

“आता पाणी नाही घालायचं, काका.”

“का गं? बापाबरोबर विहीरही गेली का?” पाहुणे हसले.

“विहीर भरलेली आहे.”

“मग आळस म्हण की! तुझा बाप उन्हातान्हात पाणी ओढायचा. लोक त्याचं नाव काढतात अजून. ते नाव बुडवणार तू?”

मबरूकाने ओढणी सारखी केली. ‘नियम आला आहे’ एवढे म्हटले असते तरी भागले असते. हाजांचे नाव निघालेच नसते. पण मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी पाणी घातले असते.

“पाण्यानेच खडे सुटलेत, काका,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “बाबांनी घातलेल्या आणि मी घातलेल्या पाण्याने. आमचं चुकलं.”

हसणे थांबले. शुऐब खाली बसले. तितराच्या हललेल्या पायाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. हात मात्र लावला नाही.

“मातूगला कळलं होतं?”

“नाही.”

“अल्लाची मेहेरबानी,” ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवले.

पाहुणे मात्र फरशीजवळच रेंगाळले. करड्या खड्यांत कोणाला आधी चोच सापडली, मग कोणाला एक द्राक्ष.

हाजांना ते कळले नाही, मला कळले. म्हणून सांगते. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला काय सोसते हे आधी विचारून घ्या. आणि कधी आमच्याकडे आलात, तर पाणी मागू नका. तितर कोरडाच पाहा. वेळ लागतो, पण दिसतो.