विल्फच्या वाट्याचं पाणी

मी जॅमचा एक रिकामा डबा बोलतोय. हसू नका. गॅलिपोलीच्या त्या डोंगरावर माझ्याहून रिकामी डोकी झगझगीत टोप्या घालून हुकूम सोडत होती.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यातला. पोटात जर्दाळूचा जॅम भरून मला बोटीवर चढवलं आणि १९१५च्या उन्हाळ्यात, पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीला तुर्कांच्या किनाऱ्यावर उतरवलं. तिथे विल्फ ड्यूरंट नावाच्या शिपायानं मला उघडलं. घरी तो मेंढ्यांची लोकर कातरायचा. जग बघायला मिळेल म्हणून फौजेत शिरला होता. त्याला बघायला मिळाला दहा हात लांबीचा खंदक. बिस्किटाला लावलेला जॅम तोंडाशी नेईपर्यंत माश्या निम्मा फस्त करायच्या. सरकारनं त्यांचाही शिधा धरला असावा.

रिकामे डबे इथे वाया जात नसत. त्यांत दारू आणि खिळे ठासून बॉम्ब करायचे. एवढं थोर इंग्रजांचं साम्राज्य, आणि लढत होतं जॅमच्या डब्यांवर! माझी सगळी भावंडं अशीच फुटून गेली. मीही तसाच गेलो असतो, पण विल्फनं मला तारेची कडी लावली.

"हा डबा चहाचा. ह्याला कुणी हात लावला तर बघा."

"तुझ्या बापाचा आहे का रे?" शेजारचा मिक कॉनरॉय म्हणाला.

"नाही, तुझ्या बापाचा. म्हणून तर अर्धा चहा तुला देतो ना लेका!"

आणि खरंच रोज अर्धा द्यायचा. पाणी माणशी दिवसाला एक बाटली, तेही इजिप्तहून बोटीनं यायचं. त्यातूनच दाढी करा, असा साहेबांचा आग्रह. गुळगुळीत दाढी केलेला शिपाई मेल्यावर बरा दिसतो.

नोव्हेंबरात पाणी आणायची पाळी विल्फवर आली. खांद्यावर पिंप घेऊन चढ चढताना त्याच्या पोटात गोळी लागली. मिकनं त्याला ओढत आणलं. सगळ्यांनी आपापल्या बाटलीतलं थोडं थोडं ओतून मला काठोकाठ भरलं.

"एक घोट दे रे, मिक. एकच."

"पोटात लागलंय तुला. डॉक्टर नको म्हणालाय. दिलं तर मरशील."

"आणि नाही दिलं तर?"

मिकनं फडकं माझ्यात बुडवलं. मला मांडीत धरून ओलं फडकं तेवढं त्याच्या ओठांना लावत राहिला. संध्याकाळी विल्फ गेला. अगदी डॉक्टरी शिस्तीत गेला. साहेबांनी त्याच्या आईला पत्र लिहिलं: हल्ल्यात आघाडीवर होता, छातीवर गोळी झेलली, क्षणभरही वेदना झाल्या नाहीत. साहेबांचं अक्षर सुरेख होतं.

मिकनं त्याला खंदकामागेच पुरलं. त्यानंतर त्यानं माझ्यात कधी चहा केला नाही.

डिसेंबरात पळून जायचा हुकूम आला. कागदावर त्याला माघार म्हणतात. आठ महिन्यांत तडीला गेलेली ही एकच मोहीम. खंदकात माणसं आहेत असं तुर्कांना वाटावं म्हणून एक युक्ती निघाली. बंदूक रोखून ठेवायची, चापाला दोरीनं एक डबा बांधायचा, वर भोक पाडलेला दुसरा डबा पाणी भरून टांगायचा. ठिबकून ठिबकून खालचा डबा जड झाला की चाप ओढला जाणार. मिकनं विल्फची बंदूक लावली आणि खाली मला बांधलं.

"तुला घोटभर दिलं नाही," तो कबरीकडे बघून म्हणाला, "आणि आता बंदुकीला पाजतोय. माफ कर लेका."

मग पावलं वाजू नयेत म्हणून बुटांना पोत्याचे तुकडे गुंडाळून तो निघून गेला.

मी थेंबाथेंबानं भरलो आणि गोळी सुटली. तुर्कांनी त्वेषानं उत्तर दिलं. अर्धा तास एका डब्याशी लढले बिचारे.

उजाडल्यावर दोन तुर्क शिपाई आत उतरले.

"हात लावू नको, हालिल! ह्यांच्या डब्यात बॉम्ब असतो."

हालिलनं वाकून पाहिलं. "पाणी आहे नुसतं, दादा."

मग त्याला ती ताजी कबर दिसली. त्यांच्यात कबरीच्या मातीवर पाणी घालायची रीत आहे. त्यानं मला सोडवलं आणि हलक्या हातानं मातीवर ओतलं.

"अरे, तो काय आपला आहे?"

"सगळे गेले, हा राहिला. आता आपलाच की."

मी तिथेच गंजत पडलोय. दरवर्षी पाहुणे येतात, फुलं वाहतात, शौर्यावर बोलतात. पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. मिक घरी पोचला का, मला ठाऊक नाही. त्याचं कुणी माणूस भेटलं तर एवढं सांगा, की विल्फला पाणी मिळालं. चांगलं डबाभर. थोडा उशीर झाला, पण ह्या वेळी डॉक्टरनं हरकत घेतली नाही.